तिसरं पुष्प शेवंतीचं

सातारा, ६ नोव्हेंबर २०२४

सौ. मनुबाई यांना विनोदिनीचा नमस्कार.

दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि तुम्हाला लिहायला बसले. आधी फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी फोनवर "कशा आहात" विचारलं आणि तुम्ही "अजून तोड आली नाही" म्हणून उसाचं सगळं सांगत बसलात. तेव्हा पत्रच बरं.

हंबीररावांचा खुबा कसा आहे? काठी सुटली की अजून घेतात? मिरजेच्या त्या खोलीत आपण दोघी दोन खाटांच्या मधे स्टुलावर बसून असायचो, त्याला आता आठ-नऊ महिने होतील. एका खाटेवर तुमचे हे, गोठ्यात घसरून पडलेले. दुसऱ्यावर आमचे हे, म्हणजे तात्या, मेंदूत रक्ताची गाठ होऊन आडवे झालेले. मी रडत होते आणि तुम्ही मला ज्वारीची भाकरी खायला लावत होतात. ते मी विसरणार नाही.

आता कामाचं. आमच्या इथे दुपार मंडळ आहे. निवृत्त मंडळी, घरचं आवरलेल्या बायका, अशी साठ-सत्तर माणसं. दर हिवाळ्यात गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही व्याख्यानमाला भरवतो आणि मी मंडळाची चिटणीस आहे. यंदाच्या मालेतलं तिसरं पुष्प आपण गुंफावं, अशी मंडळाची आग्रहाची विनंती आहे. गुरुवार, ५ डिसेंबर. दोघांनी या, राहायला आमच्याकडेच. नाही म्हणायचं नाही. तुमच्याइतकं सुरेख कोणी गुंफेल असं मला वाटत नाही.

तात्या बरे आहेत. तुमची आठवण काढतात.

तुमची
विनोदिनी


कडेगाव, १३ नोव्हेंबर

विनोदिनीबाईंना मनुबाईचा रामराम.

पत्र मिळालं. आदी ह्यांनी वाचलं, मंग मी वाचलं. लय बरं वाटलं. काठी सुटली न्हाई, पन आता काठीनं कुत्री हाकलत्यात, म्हंजी चाललंय बरं.

तुमी फुलं गुंफाया बलावलं, मी न्हाई कशी म्हनंन. माळ म्हटल्यावर गुंफनारं मानूस पायजेच. सातारसारख्या गावात काय कमी बायका हायत का, पन तुमी माझी आठवन केली. तिसरं माझ्याकडं म्हंजी पयली दोन दुसऱ्या कुनाकडं असत्याल. त्यांचं बघून मी करीन. फकस्त एवढं कळवा, तिसरं पुष्प कंचं पायजे? परड्यात शेवंती लय आलीया, पिवळी बी हाय आन पांढरी बी. शेवंती चालंल का? आन किती लांब पायजे? मापात असलं की बरं असतंय. न्हाईतर उगं गळ्यात लोंबतंय.

तात्यांना माझा नमस्कार सांगा. दवाखान्यात ते माझ्यासंगं एवढं बोलायचं, पन माझं मेलं कान असलं. त्यांनी नीट म्हनावं "उशी द्या", मला "मिशी द्या" ऐकू यावं. मी म्हनायची, मिशी कुटनं द्यावी तात्या, तुमच्यापाशी हाय ती पुरं. मंग ते हसायचं. शाना मानूस, माझ्या कानाचा कवा राग न्हाई केला.

मनुबाई


सातारा, १६ नोव्हेंबर

चि. श्रद्धा,

आई पत्र का लिहिते म्हणून हसू नकोस. सांगलीला तुला फोन लावला की हे समोरच बसलेले असतात. बोलता धड येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल काय बोलणार?

तू दिवाळीला आलीस तेव्हा तुला ते जरा बरे वाटले, कारण तू होतीस. बाकी काही बदललेलं नाही. चहा हवा असला की "खिडकी" म्हणतात. मग स्वतःच चमकतात, पुन्हा प्रयत्न करतात, "खिडकी"च येतं, आणि मग दिवसभर तोंड मिटून घेतात. मिरजेहून आल्यापासून फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. कोणी भेटायला आलं की आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतात. झोपलेले नसतात. ज्या माणसाने हे मंडळ काढलं, दर गुरुवारी वक्त्याची ओळख करून दिली आणि ओळखच भाषणापेक्षा लांबवली म्हणून लोकांनी ज्याला चिडवलं, तो माणूस आता कोणी बोलेल म्हणून घाबरतो. मला ते बघवत नाही गं.

आजारानंतर ते मोकळे बोलले ते एका माणसाशी. मनुबाईंशी. त्यांना कमी ऐकू येतं ना. ह्यांच्या तोंडून चुकीचा शब्द गेला की त्यांना वाटायचं आपल्याच कानाची चूक. तात्यांना "उशी" म्हणायचं असायचं आणि ते "मिशी"च म्हणायचे. मी शेजारीच होते. पण मनुबाई कपाळाला हात लावून आपल्या कानांना शिव्या देत, आणि तुझे वडील हसत. चुकणारे ते नव्हतेच, अशी सगळी गंमत.

म्हणून मी त्यांनाच बोलवलं आहे. तशा त्या बोलायला कुणाला ऐकणाऱ्या नाहीत, चाळीस मिनिटं सहज रंगवतील. काल ह्यांना सांगितलं, पाच डिसेंबरला मनुबाई येणार, मंडळात बोलणार, तुम्हीही चला. ते "येतो" म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

हे मनुबाईंना ठाऊक नाही आणि मी सांगणारही नाही.

तुझी
आई


सातारा, १७ नोव्हेंबर

सौ. मनुबाई,

तुमचा होकार आला, जीव भांड्यात पडला. शेवंती तर फारच छान सुचली तुम्हाला. आमचे अध्यक्ष नाथाजीराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना धरणाशिवाय विषय सुचत नाही. त्यांनासुद्धा शेवंती आवडली. पत्रिकेत छापायलाही दिलं: "तिसरे पुष्प, परसातली शेवंती, गुंफणार सौ. मनुबाई यादव".

लांबीचं म्हणाल तर चाळीस मिनिटं पुरे. त्यापुढे आमची मंडळी पेंगतात. शेवटी कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर चहा. गळ्यात लोंबण्याचं तुम्ही अगदी खरं लिहिलंत. काही वक्ते खरंच गळ्यात पडतात.

विनोदिनी


कडेगाव, २४ नोव्हेंबर

विनोदिनीबाईंना रामराम.

चाळीस मिंटं म्हंजी समद्यांच्या म्होरं बसून गुंफायचं, व्हय? मला आदी कळंलच न्हाई. घरनं करून आनायचं वाटलं हुतं. ह्ये म्हनालं, अगं शहरात आता समदं बघत बसत्यात, रांगोळी काढताना बघत्यात, मांडं करताना बघत्यात, मंग हार करताना बघितलं तर काय बिगाडलं. पलटनीत असताना ह्यांनी दिल्लीत काय काय बघितलंय म्हनं. चाळीस मिंटात दोन हार आन चार गजरं हुत्याल, माझा हात चलाख हाय. दोरा मी केळीचाच आनते भिजवून. तुमी काय बी जमवू नगा.

आता मोठी गोष्ट सांगते. आमचा जयराज कुपवाडला कारखान्यात हाय न्हवं, त्यानं मला मिरजेत न्हेऊन कानाचं मशीन बशीवलं. बाई, काय सांगू. भांडं घासताना एवढा आवाज हुतोय हे मला ठावच न्हवतं. कोंबड्या बी किती बोलत्यात. ह्ये झोपेत घोरत्यात ते मातुर ऐकू आलं न्हाई तर चाललं असतं.

मशीन घालूनच सातारला येनार हाय. सगळ्यात आदी मला तात्यांचं बोलनं ऐकायचं हाय. दवाखान्यात त्यांनी एवढं सांगितलं, माझ्या कानानं त्याचा पार इस्कोट केला. एवढा शिकलेला मानूस, शब्द किती चांगलं असत्याल त्यांचं. आता एक शब्द बी वाया जायाचा न्हाई.

मनुबाई


सातारा, २८ नोव्हेंबर

चि. श्रद्धा,

घोटाळा झाला. मनुबाईंना मुलाने कानाचं मशीन घेऊन दिलं आणि त्या ते घालून येणार आहेत. "एक शब्दही वाया जाणार नाही" असं लिहिलंय. तेच मी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाकीचं पत्र मी धड वाचलंसुद्धा नाही, हारांबद्दल काहीतरी होतं.

इकडे तुझे वडील रोज कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहतात. काल स्वतः कपाट उघडून तपकिरी जाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "इस्त्री" म्हणायचं होतं, "बिस्किट" म्हणाले, आणि गंमत म्हणजे चिडले नाहीत. म्हणजे मनाने ते तिथे जाऊनही बसलेत. आणि त्या दिवशी, सगळ्यांसमोर, ते तोंड उघडणार आणि मनुबाईंना पहिल्यांदा खरं ऐकू येणार. त्यांचा चेहरा बदलला तर? ह्यांना चेहरे लगेच कळतात. मग हे पुन्हा कधी म्हणून बाहेर पडायचे नाहीत.

मनुबाईंना खरं लिहायला बसले होते. दोन ओळी लिहून फाडल्या. "माझ्या नवऱ्याचं बोलणं चुकतं, तुमचे कान नाही" हे कोणत्या तोंडाने लिहायचं? इतके दिवस त्या स्वतःच्या कानांना बोल लावत होत्या आणि मी लावू दिला.

आई


सांगली, ३० नोव्हेंबर

आई,

पत्र कुरिअरने पाठवतेय, म्हणजे वेळेत पोचेल. तू त्यांना सांगून टाक. आधी माहीत असलं तर माणूस तोंडावर काही दाखवत नाही. आणि नसेल सांगायचं तर बाबांना त्या दिवशी नेऊ नकोस. दोन्हीतलं एक कर. नेहमीप्रमाणे तू तिसरंच काहीतरी करशील, ते माहीत आहे मला.

मला रजा नाही, नाहीतर मी आले असते. झालं की लगेच सगळं लिही. फोनवर तू "बरं झालं" एवढंच सांगतेस.

श्रद्धा


सातारा, ६ डिसेंबर

चि. श्रद्धा,

तू म्हणालीस तेच झालं. मी सांगितलंही नाही आणि ह्यांना नेलंही. धीर झाला नाही, एवढंच खरं.

मनुबाई आणि हंबीरराव एस.टी.ने आले ते तडक हॉलवर. उशीर झाला होता. घरी आले असते तर तात्या आधीच भेटले असते आणि जे व्हायचं ते घरात झालं असतं. ते नशिबात नव्हतं. तात्या दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसले होते, म्हणजे उठून जायला सोपं. लोक येऊन नमस्कार करत होते आणि ते नुसती मान हलवत होते.

मनुबाई आल्या त्या डोक्यावर शेवंतीची पाटी घेऊन. मला वाटलं, भाषणात दाखवायला आणलीय. नाथाजीरावांनी त्यांना व्यासपीठावर खुर्ची दिली, पुढे माईक ठेवला. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, "सतरंजी हाय का?" विचारलं, खाली मांडी घातली आणि हार करायला लागल्या. माईक खाली घेतला. त्या एक शब्द बोलेनात. सगळा हॉल त्यांच्या बोटांकडे बघतोय. हंबीरराव पहिल्या रांगेत काठी धरून ताठ बसलेले, जणू हे असंच असतं. नाथाजीराव माझ्याकडे बघायला लागले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "पुष्प गुंफावं" असं मीच लिहिलं होतं. त्यांनी ते फुलांचंच समजलं होतं. जन्मभर मराठी शिकवलं मी, आणि हे माझं मराठी.

मी उठून काही सांगणार, तोच त्यांनी मान वर करून हॉलभर बघितलं आणि हाक मारली, "आवं तात्या, तितं कुटं बसलाय कोपऱ्यात? म्होरं या की. फुलं हातात द्यायला मानूस नगं का मला?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मला वाटलं, आता हे उठून बाहेर जातील. ते उठले, आणि पुढे गेले. काठी टेकत सगळ्या हॉलमधून पुढे गेले आणि मनुबाईंशेजारी खुर्चीवर बसले. एक फूल उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मनुबाई, किती दिवसांनी भाकरी झाली."

"भेट" म्हणायचं होतं. माईक जवळच होता, सगळ्यांनी ऐकलं.

मनुबाईंचा हात थांबला. ह्यांनी तो थांबलेला पाहिला. चेहरा असा काही उतरला की मला तिथूनच उठून त्यांना घरी न्यावंसं वाटलं. आणि तेवढ्यात मनुबाईंनी कानातलं मशीन काढलं, त्यावर टिचक्या मारल्या आणि वैतागून म्हणाल्या, "गेला बगा सेल. आता तात्या, जरा मोठ्यानं बोला, पयल्यासारखं." मशीन पिशवीत टाकलं.

देव पावला म्हणायचा. नेमका त्याच क्षणी सेल संपला.

मग काय विचारतेस. तुझ्या वडिलांनी हंबीररावांकडे बोट करून विचारलं, "बैल कसा आहे?" मनुबाई म्हणाल्या, "दोन्ही म्हशी गाभन हायत." हॉल हसला, हंबीरराव सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि हेही हसले. मग शेवंतीची कलमं कशी लावतात, सासूने पहिल्यांदा गुंफायला शिकवताना कशी बोटांवर चापटी मारली, कडेगावच्या बाजारात फुलं कशी जातात, सगळं त्या सांगत गेल्या. मधेच हे काहीतरी विचारायचे, त्या भलतंच उत्तर द्यायच्या, त्यावर हे दुरुस्ती करायचे आणि दुरुस्ती आणखी चुकायची. कोणाचं चुकतंय ते कोणाला कळेना आणि थोड्या वेळाने कोणी बघेनाही. चाळीस मिनिटांचा तास झाला. चहा गार झाला आणि कोणी तक्रार केली नाही.

आज सकाळी दोघांना स्टँडवर सोडायला तात्या आले. फाटकाबाहेर, रिक्षात बसून, माझ्याबरोबर. तुला हे कळवायला हात शिवशिवत होते.

आई


कडेगाव, ९ डिसेंबर

विनोदिनीबाईंना मनुबाईचा रामराम.

सुखरूप पोचलो. मंडळानं दिल्याली शाल ह्यांनी अंगावरनं काढली न्हाई, नारळाची मी बर्फी केली. येताना एस.टी.त ह्यांनी सांगितलं, पुष्प म्हंजी भाषन. तुमच्या मंडळातल्या कुनीतरी त्यास्नी सांगितलं म्हनं. मला लाज वाटली, मंग हसू आलं. तुमी तवाच का न्हाई सांगितलं?

आता मी बी तुमास्नी एक सांगते. माझ्या पोटात ऱ्हात न्हाई.

सेल गेला न्हवता, बाई. सेल नवाच हाय, जयराजनं आदल्या दिवशी घातला हुता. तात्या भाकरी म्हनालं ते मला लख्ख ऐकू आलं. आदी वाटलं, मशीनच बिगाडलं. मंग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. दवाखान्यातलं समदं डोळ्याम्होरनं गेलं. मिशी आन काय काय. ते माझं कान न्हवतं. मला एवढं वाईट वाटलं की फूल हातातनं सुटलं. मी त्यांचं बोलनं ऐकायचं म्हनून नाचत आल्ते आन माझ्या ऐकन्यानंच त्यांचं त्वांड बंद झालं. मंग काढलं मशीन. दुसरं काय करनार हुते?

घरी आल्यावर ह्यांना इचारलं, तर ह्ये म्हनालं, मला दवाखान्यातच ठाव हुतं. मी म्हटलं, मंग सांगितलं का न्हाई? तर म्हनालं, तुमी दोघं बोलत हुता, मदी कशाला पडू. तुमास्नी बी ठाव हुतं, व्हय ना? बाई, तुमी रागावू नगा, पन तुमी मला सांगितलं असतं तर मी मशीन घरी ठिवून आले असते. एवढ्यासाठी एवढं झुरायचं असतं का?

एक राहिलं. स्टँडवर तुमी कंदी पेढं घ्याया गेलासा आन ह्ये गाडीची पाटी बघाया गेलं, तवा तात्या माझ्याशी बोलत हुतं. लय बोललं, हात हलवून बोललं. मशीन पिशवीत, गाड्यांचा दनका, मला एक अक्षर कळलं न्हाई. मी आपलं व्हय व्हय केलं. आता जिवाला चैन न्हाई. मी कशाला व्हय म्हटलं ते तरी कळाया पायजे. काय म्हनालं ते त्यास्नी इचारा आन मला लिवा.

मनुबाई


सातारा, १३ डिसेंबर

प्रिय मनुबाई,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. रागावू कशी? सेलावर विश्वास ठेवणारी मी एकटीच मूर्ख निघाले. मला तुमच्याशी खोटं वागायचं नव्हतं, मनुबाई. मला भीती वाटत होती, एवढंच. यापुढे काही लपवणार नाही.

काल चौथं पुष्प होतं. (भाषण. फुलं नव्हेत.) तीन वाजताच तात्या जाकीट घालून तयार. हॉलवर गेल्यावर दाराजवळच्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, पुढे गेले. वक्ते वाईचे, जुन्या घाटांबद्दल बोलणार होते. त्यांची ओळख तात्यांनी करून दिली. "वाईचे" ऐवजी "गाईचे" म्हणाले. लोक हसले, हेही हसले, "तेच ते" म्हणाले आणि पुढे गेले. ओळख भाषणापेक्षा लांबली नाही, पण लांबत होती.

घरी आल्यावर मी तुमचं काम केलं. विचारलं, स्टँडवर मनुबाईंना काय सांगत होतात? पत्रातलं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते सांगायला लागले. बराच वेळ लागला. मधे एकदा मी सवयीने शब्द पुरवायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. बाकीचे शब्द मी तुमच्यासाठी सरळ करून लिहिते, एक सोडून.

ते म्हणाले, "मी मनुबाईंना सांगत होतो, तुमचा सेल गेला नव्हता. मी पाहिलं. त्या दिवशी फार बरं वाटलं मला. पण आता तसं करू नका. पुढच्या वेळी याल तेव्हा चष्मा घालून या."

चष्मा म्हणाले, कानाला बोट लावून. घालून या, मनुबाई.

तुमची
विनोदिनी